अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य

अंगणवाडी हा शब्द आज सावनेर तालुक्यातील कोणत्याही मोहल्ल्यात समजावून सांगावा लागत नाही. आपल्या घरातील तीन-चार वर्षांचे मूल सकाळी हातात वाटी घेऊन तिथे जाते, गाणे शिकून येते, वजन करून घेते. परंतु हा शब्द कोणी दिला, आणि तो देण्यापूर्वी त्या व्यक्तीने किती वर्षे मुलांकडे केवळ पाहण्यात घालविली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या व्यक्तीचे नाव ताराबाई मोडक. त्यांना जाऊन आज अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत त्यांची ओळख पालकांना आणि विद्यार्थ्यांना करून द्यावी असे वाटते, कारण त्यांनी जो प्रश्न आयुष्यभर उराशी धरला तो आपल्याही दारात उभा आहे.

तो प्रश्न साधा होता. मूल शाळेत रमत नाही, टिकत नाही, तेव्हा दोष मुलाचा की शाळेचा? याचे उत्तर खुर्चीत बसून देता येत नाही. मूल कोणत्या घरातून येते, सकाळी उठून काय करते, कोणती भाषा बोलते, काय खाते, कोणाला सांभाळते, कशाला भिते, हे सर्व पाहावे लागते. ताराबाईंनी ते पाहिले, आणि एका ठिकाणी पाहून त्या थांबल्या नाहीत. काठियावाडातील, मुंबईतील, समुद्रकाठच्या खेड्यातील आणि डोंगरावरच्या वारली पाड्यातील, अशा अगदी वेगवेगळ्या समाजांतील मुलांची आयुष्ये त्यांनी जवळून अभ्यासली.

बालपण व शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. आईवडील प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते. मुलींनी शिकावे, जातिभेद मानू नये, मूर्तीपेक्षा सदाचाराला महत्त्व द्यावे, असे त्या घरचे वळण. ज्या काळात मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिच्या लग्नाची घाई होत असे, त्या काळात ताराबाई शाळेत गेल्या, महाविद्यालयात गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या वेळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

विद्यार्थिनींनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ताराबाई शिकल्या त्या केवळ स्वतःच्या हुशारीने नव्हे. घरच्या वडीलधाऱ्यांनी लोकांची बोलणी सोसली म्हणून त्या शिकू शकल्या. प्रत्येक शिकलेल्या मुलीच्या पाठीशी असा कोणीतरी वडील, आई किंवा भाऊ उभा असतो, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे.

वऱ्हाडातून काठियावाडात

वकील कृष्णराव मोडक यांच्याशी विवाह झाल्यावर ताराबाई अमरावतीस आल्या. अशा रीतीने आपल्या विदर्भाशी त्यांचा संबंध जडला. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही. १९२१ साली पतीपासून विभक्त होऊन लहानग्या मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या. एकट्या स्त्रीने लेकराला घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहणे त्या काळी किती कठीण होते, हे वेगळे सांगायला नको. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे शिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयात, त्यांना प्राचार्यपद मिळाले. पगार चांगला, प्रतिष्ठा मोठी. दुसरे कोणी असते तर निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले असते.

पण जवळच भावनगरला एक निराळाच प्रयोग चालला होता. नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ लहान मुलांचे बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःचा मुलगा वाढू लागला तेव्हा त्याला कसे शिकवावे या काळजीने त्यांनी वाचन सुरू केले, आणि इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांचे ग्रंथ त्यांच्या हाती पडले. वकिली सुटली आणि ते मुलांचे झाले. गुजरातेत लोक त्यांना प्रेमाने मिशाळ आई म्हणत. त्यांच्या बालमंदिरात मार नव्हता, धाक नव्हता, बक्षिसाची लालूचही नव्हती. गोष्टी, गाणी, नाटके, बागकाम आणि हाताने करायचे उद्योग होते.

ताराबाईंना हे कळले आणि १९२३ साली त्यांनी राजकोटची नोकरी सोडून भावनगर गाठले. जवळपास नऊ वर्षे त्या तेथे राहिल्या. १९२६ साली दोघांच्या प्रयत्नाने नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे शिक्षण पत्रिका हे मासिक गुजरातीत निघत होते. पुढे १९३३ पासून ताराबाईंनी ते मराठीतही आणले. महाराष्ट्रातील असंख्य आईबापांनी मुलाला न मारता कसे वाढवावे याचे पहिले धडे या मासिकातून घेतले.

पाहण्याची विद्या

ताराबाईंनी भावनगरला सर्वात महत्त्वाची कोणती गोष्ट शिकली असेल तर ती पाहण्याची. माँटेसरीबाई स्वतः वैद्यकीय डॉक्टर होत्या. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांनी मुलांना शिकविण्यापेक्षा त्यांच्याकडे बघण्याला अधिक वेळ दिला. रोग्याची नाडी पाहिल्याशिवाय वैद्य औषध देत नाही. मग मूल पाहिल्याशिवाय शिक्षकाने धडा का द्यावा?

या पद्धतीत शिक्षिका एका बाजूला शांत बसते. मूल कोणती वस्तू उचलते, तिच्याशी किती वेळ खेळते, केव्हा कंटाळते, दुसऱ्या मुलाशी कसे वागते, हे ती लिहून ठेवते. असे महिनोन्‌महिने केल्यावर त्या मुलाचे खरे चित्र उभे राहते. मूल हट्टी आहे, मूल आळशी आहे, अशी जी लेबले आपण घाईने लावतो त्यांपैकी बरीचशी खोटी निघतात. हट्टी वाटणारे मूल पुष्कळदा आपले काम आपल्या हाताने करू पाहत असते आणि मोठी माणसे त्याला करू देत नसतात. मंद वाटणाऱ्या मुलाला नीट ऐकूच येत नसते. भित्र्या मुलाच्या मागे घरचा मार असतो. ताराबाईंनी आपल्या लेखांतून आणि पुस्तकांतून पालकांना हेच पुनःपुन्हा सांगितले.

मुंबईस परतल्यावर १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला. बालशिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापन मंदिरही चालविले. शहरातील लहान जागेत, चाळीत वाढणारे मूल हे भावनगरच्या मोकळ्या टेकडीवरील मुलापेक्षा वेगळे होते. त्याला धावायला जागा नव्हती, मातीत हात घालायची सोय नव्हती. तेव्हा शाळेने त्याला तेच द्यावे, असे ताराबाईंनी ठरविले. येथेच त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होऊ लागली. मुलांची भूक सगळीकडे सारखी असते, पण ती भागविण्याचे मार्ग त्या त्या ठिकाणचे असावे लागतात.

बोर्डीचा प्रयोग

दादरची संस्था नावारूपाला आली होती. परंतु बालशिक्षण म्हणजे शहरातील पैसेवाल्यांच्या मुलांचे कौतुक, असा आक्षेप घेतला जात होता आणि त्यात तथ्य होते. माँटेसरीची लाकडी साधने महाग होती. खेड्यातील मजुराच्या मुलाला ती कोठून मिळणार? गांधीजींच्या ग्रामसेवेच्या विचाराचाही ताराबाईंवर प्रभाव होता. अखेर १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ज्या वयात माणूस विसाव्याचा विचार करू लागतो त्या वयात, त्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) या कामी त्यांना पस्तीस वर्षांच्या एक तरुण सहकारी मिळाल्या. त्या म्हणजे अनुताई वाघ. पुढची सत्तेचाळीस वर्षे अनुताईंनी हेच काम केले.

बोर्डीत शाळा तर उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. दलित वस्तीतील आणि आदिवासी मजुरांची मुले शाळेच्या दारापर्यंत पोहोचतच नव्हती. वरच्या समाजाची शाळा आपली नव्हे, अशी भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. एखादा दुसरा माणूस असता तर या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असे म्हणून मोकळा झाला असता. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असा निर्णय त्यांनी घेतला. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. झोपडीपुढच्या अंगणात, झाडाखाली मुले गोळा करून तेथेच हातपाय धुणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी आणि खेळ सुरू झाले. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. हा शब्द असा जन्माला आला.

महाग साधनांचा प्रश्नही तेथेच सुटला. समुद्रावर शिंपले होते, ओढ्यात गोटे होते, झाडाखाली चिंचोके आणि बिया होत्या, पाने होती, बांबू होता, माती होती. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पाने-फुले, आकार समजायला गोटे. माँटेसरीबाईंच्या ठरीव साधनांत असा फेरफार करणे सर्वांना मान्य नव्हते. पण ताराबाईंनी इटलीचे बाह्य रूप न घेता त्यामागचे तत्त्व घेतले. रोमच्या मुलाच्या हाताला जे हवे होते तेच वारली मुलाच्या हाताला हवे होते, फक्त वस्तू त्याच्या ओळखीची असायला हवी होती.

कोसबाडच्या टेकडीवर

आता त्या भागातील मुलांचे जीवन कसे होते ते पाहू. डहाणू-उंबरगाव परिसरातील वारली जमिनीवरून हुसकले गेलेले होते. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडेसे कर्ज घ्यावे आणि त्या बदल्यात नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबावे, ही लग्नगड्याची चाल तेथे होती. १९४५ सालीच या वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी मोठे आंदोलन केले. अशा घरातील मूल पाच-सहा वर्षांचे झाले की कामाला लागे. आई मजुरीला गेली की थोरल्या मुलीने धाकट्याला कडेवर घ्यायचे, मुलाने गुरे-बकऱ्या राखायच्या, दोघांनी मिळून लाकूडफाटा आणायचा.

१९५७ साली ताराबाई आणि अनुताई यांनी आपले केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, थेट आदिवासी पाड्यांच्या मध्यभागी नेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. येथे त्यांच्या निरीक्षणाची खरी कसोटी लागली. मुलगी शाळेत का येत नाही, याचे कारण तिच्या कडेवर होते. धाकटा भाऊ घरी टाकून ती येणार कशी? मग एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही मांडली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि मोठी बहीण आपल्या वर्गात. मधूनच तिने उठून भावाला पाहून यावे, कोणी रागावणार नाही. या योजनेला विकासवाडी असे नाव मिळाले.

मुलगा येत नव्हता कारण गुरे कुरणात होती. मग शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत असताना झाडाखाली बसून शिकायचे, ही कुरणशाळा. जे दिवसभर कामात, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग. शाळेची वेळ घड्याळाप्रमाणे न ठरता मुलाच्या दिवसाप्रमाणे ठरू लागली.

भाषेचाही प्रश्न होता. वारली मुलाची बोली ही पुस्तकातल्या मराठीहून निराळी. शिक्षकाचे शुद्ध मराठी त्याला परके वाटे आणि तो गप्प बसे. त्या गप्प बसण्याला अडाणीपणा समजणे सोपे होते. परंतु तेच मूल रानात गेले की कोणते झाड कशाला उपयोगी, कोणता पक्षी कोठे घरटे करतो, हे सहज सांगू शके. म्हणजे ज्ञान होते, आपल्या शाळेला ते मोजता येत नव्हते. म्हणून मुलांची गाणी, त्यांचे शब्द, त्यांचे रान यांतूनच सुरुवात करावी आणि हळूहळू पुस्तकाकडे यावे, हा मार्ग कोसबाडने दाखविला.

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव देण्यात आले. महाराष्ट्रात जेथे ती प्रथम आली त्यात मेळघाटातील धारणी होती. ज्या अमरावतीतून ताराबाई एकेकाळी लेकराला घेऊन दुःखाने बाहेर पडल्या, त्याच जिल्ह्यात त्यांचा शब्द सरकारी योजनेचे नाव होऊन परतला. अनुताई मात्र १९९२ साली अखेरचा श्वास घेईपर्यंत कोसबाडचे काम पाहत राहिल्या.

त्याच काळातील इतर प्रयत्न

वेगवेगळ्या समाजांतील मुलांचे आयुष्य समजून घेण्याची ही ओढ त्या काळात जगभर जागी झाली होती. ताराबाई भावनगरला होत्या त्याच सुमारास, १९२५ साली, मार्गारेट मीड ही तेवीस वर्षांची अमेरिकन तरुणी प्रशांत महासागरातील सामोआ बेटावर गेली. तेथील वयात येणाऱ्या मुलींचे जीवन अमेरिकेतील मुलींसारखेच अस्वस्थ असते काय, हे तिला पाहायचे होते. १९२८ साली तिचे पुस्तक निघाले आणि फार गाजले. तिच्या निष्कर्षांवर पुढे कडाडून टीकाही झाली. पण एका समाजातील बालपणावरून साऱ्या जगातील बालपणाचे नियम ठरवू नयेत, हा विचार तिच्यामुळे सर्वत्र पोहोचला. मीड पाहून परत गेली आणि तिने ग्रंथ लिहिला. ताराबाई पाहून तेथेच राहिल्या आणि त्यांनी शाळा बदलली. दोन्ही कामे मोठी आहेत, परंतु आपल्या गरीब देशाला दुसऱ्या कामाची निकड अधिक होती.

आपल्या जवळच वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि डॉक्टर झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली मूलोद्योगी शिक्षणाची योजना तयार करण्यासाठी समिती नेमली गेली. हाताने करावयाच्या कामातून शिक्षण, आणि तेही मातृभाषेतून, हा त्या योजनेचा गाभा. जामिया मिलियाचे हे कुलगुरू पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले, पण लहान मुलांसाठी गोष्टी लिहिण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. त्यांच्या समितीची योजना सात वर्षांच्या मुलापासून सुरू होत होती. सात वर्षांच्या आतले मूल हा ताराबाईंचा प्रांत. हे दोन्ही प्रवाह एकत्र ठेवून पाहिले म्हणजे दिसते की धर्म, भाषा आणि प्रांत वेगळे असले तरी मुलावर प्रेम करणारी माणसे शेवटी एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात.

आपण काय घ्यावे

आता आपल्या घराकडे वळू. सावनेर हा मध्य प्रदेशाच्या सीमेजवळचा तालुका. येथे कापूस आहे, संत्र्याच्या बागा आहेत, कोळशाच्या खाणी आहेत. एकाच गल्लीत मराठी, हिंदी आणि उर्दू ऐकू येते. आपले मूल घरी एक भाषा बोलते, मदरशात दुसरी वाचते आणि शाळेत तिसरी लिहिते. हे ओझे नाही, ही दौलत आहे, पण शिक्षकाने आणि पालकाने ती ओळखली तरच. पहिलीच्या वर्गात गप्प बसलेले आपले मूल मंद आहे असे कोणी म्हटले तर घाबरू नये. त्याला त्याच्या भाषेत विचारून पाहावे.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. आपल्याकडेही थोरली मुलगी धाकट्यांसाठी घरी थांबते. आपल्याकडेही दहा-बारा वर्षांचा मुलगा गॅरेजवर, दुकानावर, हातगाडीवर बसतो. घरची अडचण खरी असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. ताराबाईंनी वारली आईबापांना कधी दोष दिला नाही. पण त्यांनी अडचण तशीच राहूही दिली नाही. अडचण नीट पाहिली, तिचे कारण शोधले आणि त्या कारणावर उपाय केला. धाकटा अंगणवाडीत गेला तर थोरली शाळेत जाऊ शकते, एवढे साधे गणित आहे. म्हणून अंगणवाडी ही केवळ खाऊ मिळण्याची जागा समजू नये. ती आपल्या मोठ्या मुलीच्या शिक्षणाची पहिली पायरी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन वर्षांपासूनचे मूल शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात धरले आहे. ताराबाईंनी हे शंभर वर्षांपूर्वीपासून सांगायला सुरुवात केली होती.

शिक्षकबांधवांनीही आपल्याला एक प्रश्न विचारावा. वर्गात जे मूल आठवडाभर आले नाही, त्याच्या दारापर्यंत आपण गेलो काय? हजेरीपटावरील गैरहजेरीच्या खुणेमागे एक घर असते. ते घर पाहिल्याशिवाय ती खूण पुसली जात नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटे काम. एक वही घ्या. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या लहान मुलाकडे आठ दिवस रोज थोडा वेळ पाहा. त्याला अडवू नका, शिकवू नका, फक्त पाहा आणि लिहा. ते कशाशी खेळते, केव्हा रडते, कोणता नवा शब्द बोलते. मग दुसऱ्या समाजाच्या, दुसऱ्या भाषेच्या घरातील एखाद्या मुलाकडेही तसेच पाहा. काय सारखे आहे आणि काय वेगळे, याची दोन रकान्यांत नोंद करा. त्या वहीतून तुम्हाला कळेल की आपली घरे वाटतात तितकी एकमेकांपासून दूर नाहीत. मोठेपणी तुमच्यापैकी कोणी शिक्षिका होईल, कोणी डॉक्टर, कोणी आई किंवा बाप. ज्याला मूल पाहता आले त्याच्या हातून मुलावर अन्याय होण्याची शक्यता कमी होते.

ताराबाईंनी मोठी इमारत मागे ठेवली नाही. त्यांनी एक शब्द ठेवला आणि एक सवय ठेवली. शब्द आपण रोज वापरतो. सवय लावून घेणे अजून बाकी आहे.